दोन पेरांचं बोट

कॅम्पातल्या इनासच्या दुकानात
काउंटरवर बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा.
झाकण काढलं की आत नख्याच नख्या:
लाल, शेवाळी, कासवाच्या पाठीसारख्या चट्ट्यापट्ट्यांच्या,
एक तर नुसती पारदर्शक, माशाच्या खवल्यागत.
'घे निवडून,' इनास म्हणतो, 'दहाला एक.
वाजवून बघ की. घाई कुणाला आहे?'

मी उद्यमबागेतला टर्नर.
पिशवीत मायक्रोमीटर असतोच;
नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवण्याचा पगार मला मिळत नाही.
एकेक नखी धरून मोजली.
पॉइंट शेहेचाळीस. पॉइंट त्र्याहत्तर. पॉइंट अठ्ठ्याऐंशी.
छापलेल्या आकड्यात आणि खऱ्यात
दोन-दोन शतांशांचा फरक निघायला लागला
तेव्हा इनासनं चष्मा कपाळावर चढवला.
'जॉब नव्हे रे तो. वाजवायची आहे तुला.'

पातळ नखी तारेला लागायच्या आधीच माफी मागते.
वाकते, निसटते, मागं फडफड तेवढी ठेवते.
'तेळ्ळग,' आत तारा बदलत बसलेला ईरण्णा म्हणाला,
मान वर न करता.
मुचंडीच्या मारुतीला चालेल ही.
तो नुसता ठेका धरतो,
त्याच्या हातात सहा तारांचा एकच खराटा होतो.

मग जाड घेतली, दोन मिलिमीटरची.
'दप्प,' पुन्हा ईरण्णा.
ती बोलते ते सगळं ऐकू येतं, खरं आहे,
पण स्टँडवर निप्पाणी निप्पाणी ओरडणाऱ्या कंडक्टरसारखं:
खणखणीत,
आणि आपल्याला जायचं असतं खानापूरला.

पॉइंट अठ्ठ्याऐंशी बसली हातात, असं वाटलं.
तिसऱ्या ठोक्याला फिरली,
तिरकी झाली, गिटारच्या पोटात पडली.
गिटार उपडी करून हलवत राहिलो,
आत नखी खुळखुळत राहिली,
आणि दुकानात कुणीच काही बोललं नाही.

चार वर्षांमागं, दुसऱ्या शिफ्टला,
हातमोजा चकमध्ये गेला
आणि जाताना उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर
सोबत घेऊन गेला.
कंपनीनं जे दिलं त्यातून ही गिटार आली.
यल्लूनं विचारलं, 'आता? बोट गेल्यावर?'
'होय की,' म्हटलं,
'होतं तेव्हा सवड कुठं होती?'

डब्याच्या तळाशी, धुळीत, एक तिकोनी.
समोशाएवढी नव्हे, पण त्याच जातीची.
'ती बेसवाल्यांची. पडून आहे दोन वर्षं.'
मधलं बोट आणि अंगठा यांत धरली,
आखूड बोट मागून टेकलं
दाराला पाचर लावावी तसं.
खालून वर, वरून खाली.
फिरली नाही.

तार बोलायच्या आधी किंचित घासल्याचा आवाज येतो,
पत्र्यावर बारीक कानस फिरावी तसा,
आणि मग सूर.
'कोपरा एमरी पेपरवर मार थोडा,' इनास म्हणाला,
'खरखर जाईल.'
राहू दे म्हटलं.
मी बोलायला लागलो तरी आधी घसाच येतो,
शब्द नंतर,
कानडीत भाव विचारताना, मराठीत हुज्जत घालताना,
आणि घरी उशिरा पोचल्यावर तर फारच.

मोजली शेवटी. सवय.
एक मिलिमीटर, वर एक शतांश.
चालतंय.
मोठी म्हणून त्यानं वीस घेतले,
मीही ओढून धरलं नाही.

दुसऱ्या गेटला फाटक पडलेलं.
मालगाडी लांबलचक, डबे मोजून कंटाळा आला,
म्हणून गाडीच्या ब्रेकच्या केबलवर
नखी मारून बघितली.
सूर बीर काही नव्हता.
शेजारच्या रिक्षावाल्यानं एकदा बघितलं, मग समोर.
अजून मारली.
हातात तशीच होती.